राहिलेली फर्माईश

बाळंतिणीनं तिन्हीसांजेला घराबाहेर पडू नये म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचं बारसं, आणि पाळणा अजून मळ्यातल्या औषधांच्या खोलीत पडलेला. मी दिंडोरीला माहेरी बाळंतपणाला आले होते. आप्पांना, म्हणजे वडिलांना, सकाळपासून पाळण्याचं सांगत होते. ते हो हो म्हणाले आणि त्याच खोलीत जाऊन बसले, ते बसलेच. शेवटी पोरगी शेजारच्या लंकाबाईंच्या मांडीवर दिली, कानाला स्कार्फ बांधला आणि निघाले. द्राक्षबाग आमच्या घराला लागूनच आहे.

खोलीपाशी पोचायच्या आधीच वास आला. फवारणीच्या औषधाचा वास मी लहानपणापासून ओळखते. हा तो नव्हता. हा मासळीचा होता, सडून पाणी सुटलेल्या मासळीचा. आमचं घर माळकरी. या मळ्यात कधी बोंबलाचं शेपूटसुद्धा आलेलं नाही, आणि समुद्र तर घाट उतरून पार तिकडे. स्कार्फचं टोक नाकाला लावून आत शिरले.

आप्पा अंधारात पोत्यावर बसले होते. पुढ्यात त्यांचा जुना रेडिओ खरखरत होता. त्याच्या जाळीतून काहीतरी चिकट पाणी झिरपत होतं आणि कडेला मिठाचे पांढरे पापुद्रे धरले होते. आप्पांनी ते पाणी बोटानं निपटलं आणि बोट चाटलं. जन्मदाता बाप, पण मला त्यांची किळस आली, सरळच सांगते.

"शी! आप्पा, काय हे?"

"गप बस जरा... लागंल आता."

त्या रेडिओची कहाणी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आप्पांच्या तरुणपणी शॉर्टवेव्हवर कुठकुठल्या देशांची केंद्रं लागायची. परदेशी केंद्रावर ज्याचं नाव पुकारलं, तो महिनाभर गावात ताठ मानेनं फिरायचा. त्यातलं एक केंद्र चक्क जहाजावरून चालायचं. किनाऱ्यापासून इतकं लांब नांगर टाकलेला, की कुठल्याच सरकारचा कायदा तिथं पोचू नये. दिवसभर हिंदी गाणी, संध्याकाळी फर्माईश. आप्पांनीही पत्र टाकलं. फर्माईशीत जितकी नावं जास्त तितकं वजन, म्हणून घरातली झाडून सगळी नावं लिहायची आणि शेवटी 'सर्व बाळगोपाळ' ठोकून द्यायचं, मग घरात मूल असो नसो. आमच्या घरात तेव्हा नव्हतंच, मी फार उशिरा झाले. पण आमची फर्माईश लागणार होती त्याच संध्याकाळी वादळ झालं आणि जहाज माणसांसकट बुडालं. आप्पा ही गोष्ट सांगताना हळहळायचे, पण माणसांसाठी नाही, राहून गेलेल्या नावासाठी. आता तर ती बाहेरदेशची केंद्रंही एकेक करून शॉर्टवेव्हवरून गेली.

खरखर थांबली. जाळीतून आवाज आला. तोंडात गुळणी धरून बोलावं तसा.

"दिंडोरी, जिला नासिक से... लहानू."

आप्पांनी हात जोडले. "आलं! माझं बी आलं."

"माझं बी म्हणजे?"

"आधी नाथाचं आलं व्हतं. मंग तुझ्या आईचं. एका टायमाला येकच नाव घेत्यात."

नाथाकाका गेले ते छातीत पाणी होऊन. पुढच्या वर्षी आई गेली, तीही छातीत पाणी होऊनच. शेवटी शेवटी तिच्या तोंडून फेस यायचा आणि खोलीभर असाच वास सुटायचा. मला वाटलं होतं, आजाराचा असेल. मी तिची उशी धुवत बसले होते आणि हा माणूस रोज इथं येऊन रेडिओ लावत होता.

"तुम्हाला कळत होतं आप्पा... तरी ऐकत राहिलात?"

"पोरी, नाव येतंय आपलं. येवढ्या लांबून..."

लाज नाही, दुःख नाही. पोट भरल्यासारखा चेहरा. थुंकावंसं वाटलं मला.

तेवढ्यात पुन्हा तो बुडबुडता आवाज. "और सब बालगोपाल..." मग जरा थांबून, अगदी लाडानं, "बालगोपाल का नाम बताइए."

पोरीचं नाव आम्ही वेदिका ठरवलं होतं. आप्पांना ते माहीत होतं. ते जाळीकडे वाकले आणि त्यांनी तोंड उघडलं. मी झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला. तळव्याला गार पाणी लागलं, चिकट. दुसऱ्या हातानं रेडिओ उचलला, धावत जाऊन शेततळ्यात भिरकावला. तो बुडाल्यावरही खालून खरखर येत राहिली. बेडूक असतील, असं मी स्वतःला समजावलं.

बारसं रद्द करावं, तर सासरी काय सांगणार? नाशिकला माझ्या नणंदेला, सायलीला, फोन लावला. "ठरलेलं नाव नको. तू आत्या, तूच दुसरं ठरव. पण कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा नाही. थेट तिच्या कानात सांग."

"वहिनी, झोप झाली नाही वाटतं तुमची!" ती हसली, पण कबूल झाली. नाव कुणालाच माहीत नाही म्हटल्यावर पुकारणार कोण? मला जरा धीर आला.

पाळणा मी स्वतः कढत पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला. बायका जमल्या, पाळणा गाऊन झाला. आप्पा नवी टोपी घालून कोपऱ्यात बसले होते. खोकत होते आणि त्यांचा रुमाल ओलाचिंब झाला होता. सायली वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र..." बायकांनी रीतीप्रमाणे हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. सायली तशीच वाकून राहिली.

मग ती हळूच उठली. चेहरा पांढराफटक.

"वहिनी..." ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मी अजून नाव घेतलंच नाही. हिच्या कानातून आलं... मी ठरवलेलंच."

तिनं पदरानं ओठ पुसले. ओठ ओले होते. तो वास माझ्यापर्यंत आला.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा खोकला थांबला होता. दोन्ही हात जोडून, हसऱ्या तोंडानं त्यांनी विचारलं,

"आलं ना नाव?"