हसण्याचा शॉट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं मी काही घातलेलं नाही. जोगेश्वरीच्या बेहरामबागेत, आमच्या राहत्या खोलीत, रमजान लागायच्या आदल्या संध्याकाळी हे सुरू झालं. सिनेमे रिळावर निघायचे, तेव्हाची गोष्ट.

माझे अब्बू, मुख्तार अहमद, सिनेमात मेलेले वडील व्हायचे.

म्हणजे त्यांचा फोटो व्हायचा. हिरोच्या घरात भिंतीवर चंदनाचा हार घातलेला बाप असतो ना, तो. भोपाळहून ते हिरो व्हायला आले होते. चेहरा रुबाबदार, मिशा भरघोस, पण संवाद म्हणायची वेळ आली की त त प प. मग कुणीतरी त्यांचा फोटो भिंतीवर टांगला आणि तो चेहरा चालला. त्या फोटोपुढे हिरो रडायचा आणि थिएटरात लोक पदराने डोळे पुसायचे.

अम्मी चिडवायची, "जिवंतपणी एवढे हार कुणाच्या नशिबात असतात?"

पण जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे अपशकुनच. म्हणून सेटवर एक रिवाज होता. शॉट झाला की हार उतरवायचा, आणि त्या माणसाने चालू कॅमेऱ्यासमोर उभं राहून खळखळून हसायचं. हसू रिळावर उतरलं की अपशकुन टळला. तो तुकडा सिनेमात कधी लागत नसे.

अब्बू पक्के नमाजी, पण हा रिवाज त्यांनी कधी चुकवला नाही. काम फोटोचं असलं तरी हसायला स्वतः जायचे.

त्या संध्याकाळी ते तसेच हसून घरी आले. अम्मीने चहा दिला. टीव्हीवर एक विनोदी सिनेमा लागला होता. नट शेणात घसरून पडला, आम्ही सगळे हसलो.

सगळे नाही.

अब्बूंचं हसणं शेवटी खोकल्यात संपायचं. भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही ते ओळखू यायचं. त्या संध्याकाळी तो खोकला... आलाच नाही.

मी वळून पाहिलं. अब्बू टीव्हीकडेच बघत होते. ओठ मिटलेले. मान किंचित डावीकडे.

फोटोत असायची तशी.

खोलीत चंदनाचा वास येत होता. आमच्या घरात चंदन कुठून येणार?

पुढचे दिवस वाईट गेले. पहाटे सहरीला, रोजा सुरू होण्याआधी, दोन घास खाऊन ते भिंतीला टेकून बसायचे. हाक मारली तर "हं" म्हणायचे, पण ओठ हलायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, फळं द्या. मला मात्र त्यांच्याकडे बघायची भीती वाटू लागली. स्वतःच्या बापाची भीती वाटते, हे कुणाला सांगणार?

मग एका दुपारी रामसजीवन आला. बलियाचा माणूस, कॅमेऱ्याची उचलठेव करायचा. दारातच उभा राहिला, आत येईना.

"भाभी," तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी कॅमेऱ्यात रीळ नव्हतं."

रीळ संपलं होतं. डायरेक्टरला निघायची घाई होती. तो म्हणाला, रिकामाच फिरवा, म्हाताऱ्याला काय कळतंय? कॅमेरा घरघरला, अब्बू पोटभर हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अम्मीने विचारलं, "मग ते हसू गेलं कुठं?"

रामसजीवनने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला.

त्याने कुठल्याशा शूटिंगमधून उरलेला रिळाचा तुकडा मिळवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही अब्बूंना दोन्ही बाजूंनी धरून स्टुडिओत नेलं. सेट मोडला होता. एकच भिंत शिल्लक होती... आणि तिच्यावर रिकामा खिळा.

अब्बू आपणहून त्या खिळ्याखाली जाऊन उभे राहिले.

कॅमेरा सुरू झाला.

"अब्बू, हसा ना," मी म्हटलं. त्यांचेच विनोद त्यांना सांगितले. अम्मीने नेहमीसारखं चिडवून पाहिलं. अब्बूंची हनुवटी थरथरली. डोळ्यांतून पाणी आलं. ओठ काही सुटेनात. तेवढ्यात रीळ संपलं आणि त्याचं टोक आत फडफडू लागलं.

"नाझो," ते माझ्याकडे बघत कसंबसं म्हणाले, "मला ते सापडतच नाही गं."

ईद त्यांनी पाहिली नाही.

अम्मीची इद्दत, म्हणजे विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपली तेव्हा तो सिनेमा लागला. ती म्हणाली, चल, एकदा बघून येऊ त्यांना. आम्ही मॅटिनीला गेलो. हिरो फोटोपुढे उभा राहून रडू लागला, आजूबाजूला मुसमुस सुरू झाली. तेवढ्यात अम्मीने माझा हात घट्ट धरला.

फोटोत अब्बूंचे दात दिसत होते.

तो फोटो ट्रंकेतून मीच काढून दिला होता. त्यात ओठ मिटलेले होते.

आणि मग... पुढच्या रांगांतून हसण्याचा आवाज आला. मोठा, पोटभर.

शेवटी खोकला.

थिएटरात कुणीही मान वळवली नाही. पुढे टीव्हीवर तो सिनेमा मी कितीदा तरी पाहिला. दर वेळी ओठ मिटलेलेच दिसले.

हे सगळं आज लिहायचं कारण माझा नवरा. परवेझ सिरियलींच्या कपडेपटात काम करतो. आज सेटवर ऐन वेळी मेलेल्या बापाचा फोटो हवा होता. कुणीतरी मोबाईलवर याचा फोटो काढला आणि छापून, हार घालून टांगला. हे कळल्यावर मी भांडभांड भांडले.

"अगं, हसून आलोय," तो म्हणाला. "कॅमेरा चालू होता. लाल दिवा मी स्वतः पाहिला."

मी स्वयंपाकघरात आले. कणीक मळायला घेतली. आणि मळता मळता हात थांबला.

हल्ली कुठल्याच कॅमेऱ्यात रीळ नसतं.

बाहेर टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागलाय. लोक हसताहेत. मी इथे ओट्यापाशी कान देऊन उभी आहे.

परवेझचा आवाज अजून आलेला नाही.