टाक्याची किल्ली

पहाट फुटली तेव्हा धोंडगडाच्या तटाखालून धुकं वर चढत होतं आणि माचीवरच्या चितांचा धूर त्यात मिसळत होता. वेढा घालून बसलेल्या गनिमाच्या तोफा गप्प होत्या. त्याला आता घाई नव्हती. गडावर पटकीची साथ शिरली होती. देशावरच्या ठाण्यांना सरकारातून वैद्य जात, औषधं जात. घाटाच्या टोकाला पडलेल्या या गडाची आठवण सारावसुलीपुरतीच होत असे. गडावर वैद्य एकच, तोही बालेकिल्ल्यातल्या मानकऱ्यांसाठी आणि लढत्या शिबंदीसाठी. माचीवरच्या बायका गुरांच्या तळ्यातलं गढूळ पाणी पीत होत्या आणि मरत होत्या.

किल्लेदार हैबतरावांची सून सगुणाबाई सज्जातून हे रोज पाहत होती. आज तिच्या कानी आलं, भागूही आडवी झाली. भागू म्हणजे टाक्यावरच्या पहारेकऱ्याची, गोमाजी नाइकाची बायको. सगुणाबाईला अंगावर दूध आलं नाही, तेव्हा तिच्या मुलाला भागूनंच पाजलं होतं.

तिनं वैद्यराजांना बोलावून पडद्याआडून विनवलं.

"बाईसाहेब, माचीवर उतरण्याची मला आज्ञा नाही," वैद्यराज म्हणाले. "निदान निर्मळ पाणी मिळालं, तर काहीजणी जगतील."

निर्मळ पाणी होतं ते बालेकिल्ल्याच्या टाक्यात, कुलपाआड. पदर सावरून सगुणाबाई भर सदरेत जाऊन उभी राहिली.

"मामंजी, माचीसाठी टाकं उघडावं."

"सूनबाई, ते पाणी तलवार धरणाऱ्या हातांसाठी आहे. कुमक येईतो पुरवायचं आहे."

"त्या हातांना भाकरी माचीच घालते."

"आपण आत जावं," हैबतराव एवढंच बोलले.

ती आत गेली नाही. ज्या वाटेनं ती आजवर पालखीवाचून कधी गेली नव्हती, त्या वाटेनं भर उन्हात चालत टाक्याशी आली.

"नाईक, किल्ली द्या."

गोमाजीनं मुजरा केला. "हुकूम मोडला तर माझं डोकं जाईल, बाईसाहेब."

"सारा दोष मी माथी घेईन. माझा शब्द आहे."

गोमाजी कितीतरी वेळ माचीकडे पाहत राहिला. मग त्यानं किल्ली पायरीवर ठेवली आणि तोंड फिरवलं.

दिवस कलेपर्यंत बायका घागरी भरून नेत होत्या. ज्यांना उठवत नव्हतं, त्यांच्या ओठांना सगुणाबाईनं स्वतः पाणी लावलं.

संध्याकाळी तिनं अपराध कबूल केला. हैबतरावांनी ऐकून घेतलं. सुनेला शासन करणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणं. पण शिबंदीला जरब तर बसायला हवी होती. सगुणाबाईला तिच्या महालात कोंडलं आणि गोमाजी नाइकाचा कडेलोट झाला.

पुढं कुमक आली, वेढा उठला. हैबतरावांना मानाची वस्त्रं आली, नगारे झडले. माचीवरची कित्येक दारं मात्र उघडलीच नाहीत.

बंदी उठताच सगुणाबाई भागूच्या दारी गेली. भागू जगली होती. तिनं बसायला घोंगडी अंथरली.

"भागू, मी त्यांना शब्द दिला होता गं. माझा शब्द कुणी मानला नाही."

"त्यांनीच त्या दिशी मला पानी पाजलं," भागू खाली बघत म्हणाली. "लई ग्वाड व्हतं, बाईसाहेब. आता कुटलंबी पानी घशाखाली उतरत न्हाई."

सगुणाबाई घोंगडीवर बसली नाही. ती भागूशेजारी, उघड्या जमिनीवर बसली.