आरेत्सोचा तांबडा वाडगा

वाडगा टेबलावर आला तेव्हा सात तुकड्यांत होता. राघोत्तमने दोन दिवसांत तो जोडला. १९५८चा मे महिना होता, मद्रासवर अग्निनक्षत्राचं कडक ऊन तापत होतं, आणि एळुंबूरच्या त्या जुन्या बंगल्यातल्या पुरातत्त्व कचेरीत, समुद्राच्या दमट हवेत, जोडायचा सरसही नीट सुकत नव्हता.

राघोत्तम तिथे ड्राफ्ट्समन होता. उत्खननात निघालेल्या भांड्यांची मापं घ्यायची आणि त्यांची चित्रं काढायची, हे त्याचं काम. घराणं तंजावरकडचं मराठी, बिऱ्हाड तिरुवल्लिकेणीत. अकरा वर्षांत त्याच्या मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक कुणाला सापडली नव्हती, आणि ते तो मनात बाळगून होता.

"इटलीतला आहे, आरेत्सो गावचा," साहेब म्हणाले. शरदचंद्र साहेब पुण्याचे, वर्षापूर्वीच बदलून आलेले. "दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातून पाँडेचेरीकडच्या किनाऱ्याला उतरला. हा शिक्का बघा, राघोत्तमराव. यात घडवणाऱ्या गुलामाचं नाव असायचं."

शिक्क्याची चौकट होती, नाव झिजून गेलं होतं. साहेबांनी वाडगा पालथा केला. तांबड्या चकचकीत लेपात बुडाशी पाच कोरे ठिपके होते. चार बोटं आणि समोर अंगठा.

"लेपात बुडवताना त्यानं इथं धरला. बोटांखाली लेप पोचला नाही. नाव गेलं, पण हात राहिला बघा."

सोमवारी राघोत्तमने बुडाचं चित्र काढलं, पाच ठिपके मोजून दाखवले, खाली सही आणि तारीख घातली. मंगळवारपासून बाजू काढायच्या होत्या. जाडी मोजायचा कॅलिपर धरायला दोन्ही हात लागत, म्हणून त्याने रंगाला हाक मारली. रंगा कचेरीचा शिपाई, पन्नाशीचा, खापऱ्या धुणारा. खिडकीपाशी वाडगा पालथा धरून तो तासन् तास उभा राहिला.

"सार, हे गार लागतंय," बुधवारी रंगा म्हणाला. "बोटं बधिर होतात."

"हलू नकोस. एवढी बाजू होऊ दे."

गुरुवारी चित्र ताडून बघताना राघोत्तम थांबला. बुडाशी दहा ठिपके होते. त्याने भिंग घेतलं. लेप कुणी खरवडला म्हणावं, तर नव्या ठिपक्यांच्या कडा जुन्यांसारख्याच गोल, भट्टीत भाजून निघालेल्या. म्हणजे सोमवारी आपण उरलेले पाच ठिपके पाहिलेच नाहीत. त्याच्या बढतीचा कागद नुकताच दिल्लीला गेला होता. त्याने साहेबांना सांगितलं नाही. खोडरबर घेऊन चित्र दुरुस्त केलं, तारीख तशीच ठेवली.

शनिवारी सकाळी हजेरीच्या टेबलाशी गडबड झाली. रंगाला लिहिता येत नसे, तो अंगठा उठवी.

"अरे, नीट दाब," हेडक्लार्क जनकोजी ओरडला.

रंगाने तीनदा दाबला. कागदावर तीन निळे गोळे उठले. एकातही रेघ नव्हती.

"खापऱ्या धुऊन धुऊन झिजला असेल," रंगा हसला.

राघोत्तम आत गेला आणि त्याने वाडग्यावरच्या अंगठ्याच्या नव्या ठिपक्यावर भिंग धरलं. कोऱ्या मातीत बारीक रेघा होत्या. त्यांच्यावरून एक तिरपा व्रण गेला होता. नारळ फोडताना कोयता लागलेला रंगाचा अंगठा सगळ्या कचेरीला माहीत होता.

त्याने रंगाला बोलावून त्याचा हात हातात घेतला. अंगठ्यावर व्रण नव्हता. कातडी गुळगुळीत आणि गार होती, जरा तांबूस.

"अजून किती धरायचं राहिलंय, सार?"

एकच बाजू राहिली होती. राघोत्तमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. हे खोटं ठरवायचं तर पुन्हा मोजलंच पाहिजे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"एकच," तो म्हणाला. रंगाने वाडगा उचलला.

रविवारी राघोत्तम ताट तसंच ठेवून उठला. बायकोने, अंबुजाने, खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"कळल्यावरही त्याला धरायला लावलंत?" तिने विचारलं.



सोमवारी रंगा आला नाही. त्याचा भाऊ नारायणस्वामी सांगायला आला. रविवारी सकाळी रंगाच्या हातात पेला राहीना. संध्याकाळपर्यंत कोपरापासून खाली दोन्ही हात वळेनासे झाले. डॉक्टरने पक्षाघात म्हटलं. पहाटे तो गेला.

मंगळवारी सकाळी अस्थी वेचायला राघोत्तम कृष्णांपेटच्या स्मशानात गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

डोंबाने काठीने राख सारली. काठी कशावर तरी टणकन वाजली.

"मडक्याचे तुकडे," डोंब म्हणाला. चितेभोवती फिरवून फोडलेलं पाण्याचं मडकं तिथे नेहमीच सापडे.

राघोत्तमने वाकून एक तुकडा उचलला. गावठी मडक्याची माती खरखरीत असते. ही लोण्यासारखी बारीक होती. त्याने धोतराच्या टोकाने राख पुसली. खाली तांबडा लेप चमकला.

त्याने सवयीने मोडलेली कड पाहिली. आतपर्यंत एकसारखी भाजलेली.

"टाकून द्या, सार," नारायणस्वामी म्हणाला. "मडक्याचंच आहे."

राघोत्तमने तुकडा उलटा केला.

त्याला नख होतं.