मॅनेजरला काढा

"एक्स्क्यूज मी, ई. सबनीस अंकल कुठे बसतात?"

शुक्रवारची संध्याकाळ, इथे आखातात अल कुसैसचं हॉकीचं मैदान, आणि आमची कुसैस इलेव्हन नेहमीप्रमाणे तीन गोलांनी मागे. विचारणाऱ्याच्या हातात चक्क माझाच फॅक्स! मी गालातल्या गालात हसले.

"अंकल वगैरे कुणी नाही. मीच ईशानी सबनीस. हमरिया बंदरावर शिपिंग ऑफिसात असते आणि मॅच हरलात की शनिवारी क्लबला फॅक्स करते. आपण?"

"वेदांग... टीमचा मॅनेजर." तो कानापर्यंत लाल झाला. "ज्याला काढा म्हणून तुम्ही पाच वेळा लिहिलंत, तो."

अगं बाई! इतका देखणा माणूस आणि डोक्यात इतका गोंधळ?

"बसा," मी म्हटलं. "सगळे सीनियर्स एकदम का काढलेत?"

"त्यांचे गुडघे गेलेत हो. आत्ता हरू, पण हीच पोरं दोन वर्षांत कप आणतील."

"इन्शाल्ला! पण हमदुल्लाभाईंसारखा गोलकीपर घरी बसवलात, मग या पोरांना शिकवणार कोण? घर नवं करताना कुणी सगळ्या भिंती एकदम पाडतं का?"

तेवढ्यात आमच्यावर चौथा गोल बसला.

मग दर शुक्रवारी हाफटाइमला तो चहाचे दोन कप घेऊन शेजारी यायचा. "यल्ला, चला, आज काय चुकलं, सांगा!" दमट हवेत शर्ट पाठीला चिकटलेला, पोरांपैकी कुणी चांगला पास दिला की लहान मुलासारखा खूश. मी प्रेमात पडले. त्याचं म्हणणं मात्र मला अजिबात पटलं नव्हतं.

एका शुक्रवारी तो रिकाम्या हातांनी आला.

"आज कमिटीची मीटिंग आहे. क्लबचे अध्यक्ष सुरेश सर तुमचे फॅक्स वाचून दाखवणार. माझी कंपनी मला कधीची मस्कतला पाठवतेय, टीमसाठी थांबलो होतो. इथून काढलं, तर... जाईन."

म्हणजे मीच त्याला पाठवत होते!

मॅच संपल्यावर मी सरळ मीटिंगमध्ये घुसले. सुरेश सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हीच लिहिलंत ना हे?"

"हो. आणि त्यातलं एक सोडून सगळं खरं आहे. हमदुल्लाभाईंना परत आणा, पोरं त्यांच्याकडून शिकतील. पण या मॅनेजरना काढू नका. ही पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत पळतात, ती यांच्यामुळेच."

"बेटा, काळजी टीमची आहे की मॅनेजरची?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. आणि तोही.

"दोघांचीही," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं, मग सगळेच. हात वर झाले... हमदुल्लाभाई परत येणार, मॅनेजर राहणार.

वेदांग माझ्यामागे धावत पार्किंगपर्यंत आला.

"ईशानी—" पहिल्यांदाच नुसतं नाव! "मस्कतला नाही म्हणून कळवतो उद्या. आणि... तुझ्या आईबाबांना भेटायला कधी येऊ?"

"चल, आत्ताच," मी म्हटलं. "आईला मी केव्हाच सांगून टाकलंय."