रोज नव्वद

"अहो, बंद करा तो नळ! पाणी काय तुमच्या बापाचं आहे?"

कालवा कार्यालयाच्या व्हरांड्यात तिचा आवाज असा घुमला की दोन खोल्यांतून माना बाहेर आल्या. नळाखाली बाटली धरलेला तो उंच, चष्मेवाला माणूस कानाला फोन लावून बोलण्यात गुंग होता. बाटली केव्हाच भरली होती आणि पाणी खुशाल त्याच्या बुटांवरून वाहत होतं. तो दचकेपर्यंत तिने स्वतःच पुढे होऊन नळ करकचून बंद केला.

"सॉरी... लक्ष नव्हतं माझं."

"ते दिसतंच आहे!"

"आणि बापाचं नाही हो," तो ओल्या बुटांकडे बघत म्हणाला. "माझे बाबा शिंपी आहेत."

तिला हसू येता येता राहिलं, आणि ते येता येता राहिलं म्हणूनच ती जास्त चिडली. खांद्यावरची पिशवी सावरून ती तरातरा सभागृहाकडे निघाली.

चिडायला कारण होतं. सगळे तिला रोपवाली म्हणत. कालव्याच्या अगदी शेवटच्या चारीवर, म्हणजे शेवटी फुटणाऱ्या पाटावर, तिची रोपवाटिका होती. चार वर्षं घासून तिने ती उभी केली होती. काळ्या पिशव्यांमधली चाळीस हजार रोपं, आणि दर चौदा दिवसांनी चारीला येणाऱ्या पाण्यावर भरणारी एक टाकी. ती टाकी कशीबशी चौदा दिवस पुरायची. आणि गेल्या आठवड्यात पत्र आलं, की नव्या नियोजनात शेवटच्या चारीला पाणी एकवीस दिवसांनी, कारण नोंदींनुसार तिथे पाणी शिल्लक राहतं. शिल्लक! पंधराव्या दिवशी रोपं माना टाकतात आणि अठराव्या दिवशी त्यांचं सरपण होतं. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

सभागृहात कालव्याचं पाणी वापरणारे सगळे जमले होते. पुढे बसल्या होत्या अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही सगळ्यांना वर्गातल्यासारखं गप्प करणाऱ्या. त्यांच्या शेजारी वरच्या टप्प्यातले बागवाले काका. आणि लॅपटॉपसमोर... तोच नळवाला!

"हे मॉडेल मी एकट्याने बनवायचं नाही, आपण सगळ्यांनी मिळून बनवायचंय," तो सांगत होता. भिंतीवर कालव्याची एक निळी रेघ आणि प्रत्येक चारीचा एक चौकोन दिसत होता. "पाणी जास्त तेवढा चौकोन गडद. वर कुणी पाणी वाढवलं तर खाली काय होईल, ते इथे लगेच कळतं."

शेवटचा चौकोन शाईसारखा गडद होता.

"त्या डब्यात बेडूक पोहत असतील हो!" रोपवाली उभी राहिली. "माझ्या चारीत धूळ उडते, धूळ! कुठून आणला हा आकडा?"

"मोजणीच्या नोंदवहीतून. चारीच्या तोंडाशी, दाराच्या अलीकडे कालव्यात, पाण्याची उंची रोज नव्वद सेंटीमीटर. चार वर्षांपूर्वी मोजणीदार निवृत्त झाले, तेव्हापासून जागा रिकामी आहे. म्हणून तीच सरासरी पुढे—"

"ते मोजणीदार माझे बाबा होते! मला नका मोजणी शिकवू. बाबांचा आकडा म्हणजे आकडा. टायपताना कुणीतरी माती खाल्लीय, नाहीतर हे काका वरच्यावर पाणी पळवतायत!"

"ए पोरी, तोंड सांभाळ!" काका ताडकन उठले.

अध्यक्षबाईंनी टेबलावर पट्टी आपटली. मग शांतपणे एक पिवळी चिठ्ठी फाडून भिंतीवर, त्या गडद चौकोनावरच चिकटवली. "इथला नियम सगळ्यांना माहीत आहे. ज्याने आकडा मांडला आणि ज्याने खोडला, त्या दोघांनी मिळून सात दिवस मोजायचं. आणि काय निघालं, का निघालं, हे खोडणाऱ्याने इथे उभं राहून सांगायचं. तोपर्यंत एकवीस दिवसांचा निर्णय थांबेल."

"ह्यांच्याबरोबर? सात दिवस?" तिने विचारलं.

"सकाळी सहाला," तो म्हणाला. "मी बाटली घरूनच भरून आणेन."

पहिल्या सकाळी तो दहा मिनिटं उशिरा आला आणि त्याने मनसोक्त बोलणी खाल्ली. चारीच्या तोंडाशी दगडी भिंतीत रंगवलेली मोजपट्टी होती. तिने पायऱ्या उतरून पाण्याला नाक लावल्यासारखं वाकून पाहिलं. अडतीस. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस.

"बघितलंत? कुठे गेले तुमचे नव्वद?"

"माझे नव्हेत हो ते..." तो काहीतरी बोलणार होता, पण थांबला. वहीत आकडा लिहिताना त्याचा हात उगाच रेंगाळला. तिला वाटलं, हरलाय, म्हणून गप्प आहे. तिला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कुठून कोण जाणे, एक आगंतुक सर आली. दोघं धावत चारीचं दार उघडायच्या चाकावरच्या पत्र्याखाली शिरली. पत्रा जेमतेम दीड माणसाचा. त्याचा उजवा खांदा बाहेर भिजत होता आणि तो मुकाट्याने भिजू देत होता.

"आत सरका ना! आजारी पडलात तर मोजणार कोण?"

"तुम्ही रागावणार नसाल तर सरकतो."

"मी कुठे रागावलेय?"

"चिडायच्या आधी तुमची डावी भुवई वर जाते. तीन दिवसांत एकोणीस वेळा गेली. मी मोजलंय."

"मोजायला दुसरं काही नाही का तुम्हाला?"

"आहे..." त्याने चष्म्यावरचं पाणी शर्टाला पुसलं. "पण त्याची पट्टी अजून कुणी बनवली नाही."

पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. भुवई मात्र विसाव्यांदा वर गेली, आणि या वेळी राग कशाचा आहे ते तिचं तिलाच कळेना. त्या दिवशी रोपांना पाणी घालताना ती एकाच वाफ्यावर पाच मिनिटं उभी होती. हातातून नळी वाहतेय हे लक्षात आलं, तेव्हा तिने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

पाचव्या दिवशी आकडा निघाला पस्तीस. "बास झालं," ती म्हणाली. "मूळ वही दाखवा. टायपणाऱ्याची चूक मी हातात पकडून देते सभेत."

"ती... कार्यालयात आहे."

"तुमच्या पिशवीतून तिचा कोपरा दिसतोय!"

तो पिशवी मागे सरकवणार तोच तिने वही ओढून काढली. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली. सुरुवातीची पानं नीट होती. ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, सत्त्याऐंशी. मग दहा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारपासून नव्वद. नव्वद. नव्वद. पानामागून पान, सहा वर्षं, उन्हाळा नाही की पावसाळा नाही, रोज नव्वद. आणि शेपटीला बारीक आकडी मारलेला तो नऊ... पाटीवर तिचा हात धरून बाबांनी तिला तोच नऊ शिकवला होता.

तिने ते पान त्याच्यासमोर धरलं.

"तुला माहीत होतं?"

त्याने हळूच मान हलवली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. मी सांगणार होतो... पण तुम्ही त्यांच्याबद्दल असं बोलता की—"

"तू मला का नाही सांगितलंस? तीन दिवस मी तुझ्यासमोर बाबांचे गोडवे गात होते, आणि तू मनातल्या मनात माझी कीव करत होतास! कुणी मागितली होती तुझी दया?"

"दया नाही," तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "भीती वाटली! मी सांगितलं असतं तर तुम्ही सहाव्या दिवशी आला नसता. मला यायचं होतं सहाव्या दिवशी. सातव्याही. आता घाला शिव्या."

तिने शिव्या घातल्या नाहीत. वही छातीशी धरली आणि निघून गेली, ते त्याला जास्त लागलं.

घरी बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. तिने वही त्यांच्या मांडीवर आदळली.

"हे काय आहे, बाबा?"

बाबांनी वही उघडली नाही. नुसता वहीवर हात ठेवला. "सापडली तर."

"सहा वर्षं! एक दिवस तरी गेला होतात का पट्टीपाशी?"

"तुझी आई अंथरुणाला खिळली तो सोमवार. तू हॉस्टेलवर, परीक्षा. तिला एकटं टाकून चार मैल जाऊन यायचं कसं? वाटलं, आठ दिवस अंदाजाने लिहू. नव्वदच असायचं तेव्हा." त्यांचा आवाज कोरडा होता. "ती गेल्यावर पट्टीपाशी गेलो, तर पाणी पंचावन्नवर. आता पंचावन्न लिहिलं तर विचारतील ना, कालचे नव्वद कुठले?"

"म्हणून पुन्हा नव्वद?"

"दर महिन्याला वही वर जायची. वाटायचं, कुणीतरी बघेल, बोलावून झापेल, सुटेन एकदाचा. कुणी पान उलटलं नाही, पोरी! मग मलाही राग आला. वाचायचंच नाही तर लिहायचं कशाला खरं?"

"तुमचा राग माझ्या रोपांनी भोगला, बाबा! चार वर्षं मी त्या काकांना चोर म्हणत आले. आणि तुम्ही इथे बसून ऐकत होतात!" तिने वही त्यांच्या हाताखालून ओढली. "मी परवा काय सांगू त्या खोलीत? टायपणाऱ्याची चूक?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला वाटेल ते सांग. मी काही म्हणणार नाही."

हेच तर तिला नको होतं. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

सहाव्या आणि सातव्या दिवशीही मोजणी झाली. दोघंही कामापुरतंच बोलली. सातव्या दिवशी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं.

"सात दिवसांची सरासरी सदतीस," तिने सांगितलं आणि वही मिटली.

"मग नव्वद काय आभाळातून पडले?" काका खवचटपणे म्हणाले. "मी चोर ना? सांग की, कोण खोटं लिहीत होतं!"

मॉडेलवाला उभा राहिला. "चूक माझी आहे. नोंदी न तपासता मी—"

"तू बस खाली!" ती कडाडली. "माझं मी बोलेन." सगळ्या खोलीला ते 'तू' ऐकू गेलं आणि तो खरंच बसला. "ते नव्वद माझ्या बाबांनी लिहिले. न मोजता, सहा वर्षं. आणि काका, तुम्हाला मी चोर म्हणाले. चुकलं माझं. मोठ्याने म्हणाले होते, म्हणून मोठ्यानेच सांगते."

काका चुळबुळत जमिनीकडे बघू लागले.

"घाला आकडा," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

त्याने सदतीस घातले. शाईसारखा चौकोन भराभर फिका झाला, आणि त्याच्या वर, कालव्याच्या रेघेवर, एक लाल ठिपका उगवला. "वरून पाणी पूर्ण सुटतंय, खाली पोचत नाही. ह्या पाचशे मीटरमध्ये कुठेतरी हरवतंय."

काका खुर्चीतून निम्मे उठले. "थांब, थांब. तिथे माझ्या बांधाखाली बारमाही ओल असते. अरे, मी तिला झरा समजत होतो! दोन वर्षांपूर्वी बायकोने तिथे अळू लावलं..."

आधी अध्यक्षबाई हसल्या, मग सगळी खोली. एकवीस दिवस रद्द झाले, कालव्याची ती भेग बुजवायचं ठरलं, आणि शेवटच्या चारीला रोजची मोजणी पुन्हा सुरू करायची, असं पट्टी आपटून जाहीर झालं.

रोपवाली बाहेर आली. तिचा सगळा राग आता डोळ्यांवाटे वाहायला लागला होता, आणि त्याचाच तिला भयंकर राग येत होता. नळापाशी तोंड धुवायला वाकली, तर नळावर एक पिवळी चिठ्ठी. 'रोपवाली मॉडेलवाल्यावर रोज रागावते. आकडा: सातपैकी सात.'

तो खांबाला टेकून उभा होता. चेहरा अगदी परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखा.

"पेन दे," ती म्हणाली. तिने 'सात' खोडलं आणि ठसठशीत 'सहा' लिहिलं. "खोटं लिहितोस. तिसऱ्या दिवशी मी रागावले नव्हते."

"पत्र्याखाली?"

"पत्र्याखाली."

"पण मग... खोडलंस म्हणजे..." त्याला धड बोलता येईना. "नियमाप्रमाणे दोघांनी मिळून पुन्हा..."

"सात दिवस. कळतं मला, शहाणा आहेस! सकाळी सहाला. आणि एक मिनिट उशीर झाला, तर बघ."

दुसऱ्या सकाळी तो पावणेसहालाच पोचला. पट्टीपाशी आधीच कुणीतरी होतं. बाबा एका हातात काठी, दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरून एकेक पायरी उतरत होते. ती अजून त्यांच्याशी धड बोलत नव्हती, पण त्यांचा हात तिने पक्का धरला होता. बाबांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि नव्या कोऱ्या वहीत लिहिलं. छत्तीस.

मग वही त्यांनी तिला न देता मॉडेलवाल्यापुढे धरली.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्याने वाचा."