यादीत आधी कोण

करंट गेलाय तर जाऊ दे. प्रियदर्शिनी, मोबाईलची बत्ती विझव. रितेश, इकडे सरक. भुताचं सांग म्हणून मागे लागला होतास ना? मग ऐक. ऐकीव नाही हे, आपल्या विवेकचं आहे.

"विवेकदादा? ऑटोवाला?"

हौ, तोच. तेव्हा ऑटो नव्हता. सिकंदराबादला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. मी सख्खी आत्या. माझ्या हाताला हात लावून सांगितलंय त्यानं.

दोन हजार आठ साल. सोळा जुलै, बुधवार. रात्री साडेदहाला इथल्याच हिमायतनगरहून फोन आला. शिवराज नावाचा माणूस. मूळचे नांदेडकडचे, घरात तो आणि त्याची आई सावित्रीबाई. म्हणाला, बायकोचा कॉम्प्युटर आहे, पासवर्ड माहीत नाही, आजच्या आज आतलं सगळं पुसून दे.

"वहिनींनाच विचारा ना पासवर्ड," विवेक म्हणाला.

"वारली ती. उद्या दहावा आहे."

विवेक गेला. काम साधं होतं. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी वेगळी सिस्टीम. कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू केला की पासवर्ड विचारणारं कुणी उरत नाही, मग हार्ड डिस्क खुशाल पुसायची. आता कॉम्प्युटर सुरू होताना आतली एक यादी बघतो. पहिला नंबर कुणाचा, दुसरा कुणाचा. पहिला ज्याचा, त्याचं तो ऐकतो. विवेकनं यादीत पेन ड्राइव्ह पहिला केला, हार्ड डिस्क शेवटी. बटण दाबलं.

पडद्यावर नाव आलं. त्रिवेणी. खाली पासवर्डची रिकामी चौकट.

यादी उघडून बघितली, तर हार्ड डिस्क पहिली. पेन ड्राइव्ह शेवटी.

आतला सेल उतरला की मशीन यादी विसरते, म्हणून तो सेल बदलणार होता. पण सेल उतरला असता तर घड्याळही चुकलं असतं. घड्याळ मिनिटाला बरोबर होतं. बारा वाजून दहा. पेन ड्राइव्ह पुढून काढून मागे लावला. यादी पुन्हा नीट केली.

त्रिवेणी.

सावित्रीबाई चहा घेऊन आली. "काय रे, अजून होईना?"

"काय की, आजी. मी दुसऱ्याला पहिला नंबर देतोय, ही परत पहिली येऊन बसतेय."

बाई हसली. "ती? पहिली? माझ्या घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायची ती. उरलं तर."

तेव्हा विवेकची नजर दाराकडे गेली. खोलीला कडी होती. बाहेरून. नवी कोरी.

"कशानं गेल्या वहिनी?"

"तापानं," शिवराज म्हणाला.

"दवाखाना?"

"टायपिंगचं काम होतं तिचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं. ते पुरं झाल्यावर नेणार होतो."

"आणि तिचा तो भाऊ, हेमंत!" म्हातारी फणकारली. "उद्या नऊला येतोय, पोलीस घेऊन. फोनवर म्हणाली होती म्हणे त्याला, सगळं लिहून ठेवलंय."

"आई, गप."

तिथंच उठायचं की नाही? नाही उठला. सीपीयूचं झाकण काढलं, हार्ड डिस्कच्या वायरी उपटल्या, डिस्क बाहेर काढून मांडीवर ठेवली. आता आत ती नव्हतीच. फक्त पेन ड्राइव्ह.

बटण दाबलं.

त्रिवेणी.

मांडीवरची डिस्क... गरम. ताप भरलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

चौकटीत एक ठिपका आला. कीबोर्डवर कुणाचा हात नाही. दुसरा ठिपका. तिसरा... सात झाले.

उघडलं.

आत मराठीत लिहिलेलं. विवेकला मराठी वाचता अडखळत येतं, तुमच्यासारखंच. एकेक अक्षर लावून वाचलं त्यानं.

पाच जुलै. ताप आहे. कडी बाहेरून.

सहा जुलै. पाणी मागितलं. आधी काम म्हणाले.

सात जुलै. सगळ्यांचं जेवण झालं. माझं राहिलं.

आठ तारीख नव्हती.

मग त्याला कळलं. ती भिववत नव्हती. दाखवत होती. घरातलं कुणी बघणार नाही, म्हणून परक्याला...

शिवराज पाठीमागे उभा होता. त्यानंही वाचलं. खांद्यावर हात ठेवला.

"पुस."

मारलं नाही, सुरी दाखवली नाही. नुसतं म्हणाला. आणि आमच्या बहाद्दरानं डिस्क परत जोडली. यादी उघडली. पेन ड्राइव्ह पहिला केला, तिला शेवटी टाकलं.

या वेळी यादी बदलली नाही.

पहिल्याच झटक्यात लिनक्स सुरू झालं. तिनं हात काढून घेतला होता.

पहाटे चारपर्यंत पुसत बसला. नऊला हेमंत पोलिसांना घेऊन आला. डिस्क कोरी. मायलेक सुटले. दुपारी दहाव्याचं जेवण झालं, लोक पोटभर जेवले. हेमंत तेवढा उपाशी परत गेला. विवेक माझा भाचा आहे म्हणून काय झालं, हे कळलं तेव्हापासून मी त्याला हातानं वाढलेलं नाही. घेतो आणि खातो.

"पण मावशी, भूत कुठंय यात?"

थांब जरा. आठवड्यानं विवेक माझ्याकडे आला. म्हणाला, आत्या, दुकानावर चल. तिथं सात मशिनी मांडलेल्या, सात गिऱ्हाइकांच्या. त्यानं एकेक सुरू केली, यादी उघडली. निळा पडदा, सगळं इंग्रजी. मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्या पडद्याला इंग्रजीशिवाय दुसरं अक्षर येत नाही, असं विवेकच म्हणाला.

दुसऱ्या नंबरवर बोट ठेवलं, ही हार्ड डिस्क. तिसऱ्यावर ठेवलं, हा पेन ड्राइव्ह. पहिल्यावर बोट ठेवेना.

ठेवायची गरज नव्हती... पहिल्या नंबरचं नाव मी माझं मी वाचलं.

साती मशिनींवर.