कापलेलं पोतं

थोरल्या सुनेला पोलिसांनी नेलं, आणि धाकट्याने घरी तोंडसुद्धा दाखवलं नाही. नोकरी बातम्यांच्या वाहिनीत. त्याच वाहिनीने घराची अब्रू वेशीवर टांगली, आणि हा फोनवर म्हणतो, "आई, मी कामात आहे." कामात मुंगीही असते, पण ती वारुळाची वाट विसरत नाही, असं आक्का स्वतःशीच पुटपुटल्या.

शाळेतली पोरं जेवून उलट्या करत दवाखान्यात गेली होती. शाळेला डबे पुरवणाऱ्यांत आक्कांचं स्वयंपाकघरही होतं. थोरला गेल्यापासून ते सूनच सांभाळायची. वाहिनीने चोरून घेतलेलं चित्रण दाखवलं: आक्कांचंच स्वयंपाकघर, अंधार, मग दिवा, मग पिठाच्या पोत्यात वळवळणाऱ्या अळ्या. झालं. दाराला सील, सून कोठडीत.

अन्न निरीक्षक चौकशीला आला. आक्कांनी त्याला घरासमोरच्या ओट्यावर बसवलं आणि त्याच्याच फोनवर ते चित्रण पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

"किल्ली कुणाकडे असते?" त्याने विचारलं.

"एक सुनेकडे. दुसरी पाण्याच्या टाकीखाली."

"हे कुणाला ठाऊक?"

"घरच्यांना."

"मग घरच्यांपैकीच कुणीतरी."

"पुन्हा लावा."

दिव्याचं बटण पिठाच्या कोठीमागे होतं, गुडघ्याच्याही खाली. थोरल्याने कुठल्या मुहूर्तावर तिथे बसवलं कोण जाणे. नवी बाई कामाला लागली की कितीतरी दिवस चाचपडायची. चित्रणात मात्र दार उघडलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उजेड पडला.

आक्कांनी चित्रण तिथेच थांबवायला लावलं. त्यांनी पोत्यावर बोट ठेवलं. "हे कापलंय."

"पोतं कापूनच उघडतात ना?"

"इथे नाही, साहेब. पीठ चाळायचं, किडकं निघालं तर तेच पोतं शिवून गिरणीला परत धाडायचं. कापलेलं पोतं गिरणी परत घेत नाही. आमच्या बायका दोरा ओढतात. एका टोकाने ओढला की सरसर सुटतो, दुसऱ्या टोकाने ओढला की गाठ बसते. सुरीला हात लावला तर माझ्या शिव्या खातात."

"म्हणजे पोतं बाहेरचं."

"पोतं बाहेरचं," आक्का म्हणाल्या. पुढचे शब्द त्यांनी कडू औषधासारखे गिळले. मग उठून म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

वाहिनीच्या कचेरीत भिंतभर पडदे, सगळे मुके. धाकटा उठून उभा राहिला. निरीक्षक दाराशीच थांबला. आक्कांनी पिशवीतून शिवलेलं लहान पोतं काढून टेबलावर ठेवलं.

"उघड रे हे."

"आई, इथे?"

"उघड."

त्याने दोरा ओढला. गाठ बसली. आणखी ओढला, आणखी घट्ट झाली. नकळत त्याचा हात खणातल्या कात्रीकडे गेला, आणि तिथेच थिजला.

"लहानपणीही असाच," आक्का निरीक्षकाला म्हणाल्या. "कितीदा दाखवलं, तरी उलटंच टोक धरायचा, मग सुरी. पोतं बाहेरचं होतं, साहेब, पण किल्ली काढणारा आणि अंधारात बटण दाबणारा हात घरचा. घरात पोतं कापणारा हा एकटाच."

धाकट्याने खण लावला आणि खरं काय ते सांगितलं. पोतं गिरणीच्या गोदामातलं होतं. तिथे तसल्या पिठाच्या थप्प्या होत्या, आणि तेच पीठ गावभर जात होतं. त्याने सगळं टिपून आणलं होतं. पण गिरणीच्या जाहिरातींवर वाहिनी चालते. त्याचे साहेब म्हणाले, गिरणी नको, एखादं स्वयंपाकघर दाखव.

"आणि माझंच बरं सापडलं?"

"दुसऱ्या कुणी कोर्टात खेचलं असतं," तो खालमानेने म्हणाला. "तू खेचणार नाहीस, माहीत होतं."

निरीक्षकाने विचारलं, "गोदामाचं चित्रण?"

"पुसायला लावलं."

"हे लिहून द्याल?"

धाकट्याने काचेच्या खोलीकडे पाहिलं. आत त्याचे साहेब फोनवर हसत होते. मग तो पडद्यांकडे वळला.

निरीक्षकाने सुस्कारा सोडला. गोदाम आता धुऊन लख्ख झालं असणार, असं तो म्हणाला. उरलं ते एक पोतं, आणि त्यावर सील आक्कांच्या स्वयंपाकघराचं. गिरणी म्हणेल, आम्ही चांगलं दिलं, यांच्याकडे किडलं. सुनेसाठी बघतो, म्हणाला, पण आक्कांच्या नजरेला नजर दिली नाही. शाळेचे डबे आता दुसरीकडून जात होते. पीठ त्याच गिरणीचं.

भिंतीवरच्या पडद्यावर गिरणीची जाहिरात लागली. एक गुबगुबीत पोर घास खाऊन हसत होतं.

आक्कांनी पोतं पुन्हा पिशवीत घातलं. गाठ तशीच राहू दिली.

"खोटं दाखवलंस, ते एक वेळ मी पोटात घातलं असतं," त्या म्हणाल्या. "पण पोतंभर खरं तुझ्या हाती लागलं होतं, आणि तेच तू खोट्याच्या कामी लावलंस. आता ते कुणाच्याच कामाचं उरलं नाही, ना तुझ्या वहिनीच्या, ना त्या पोरांच्या. उद्यापासून घरी येऊ नकोस. माझ्या घरात चाळूनच आत घेतात."